दुभाष्याविना डच

डच भाषा शिकण्याची वेळ जगातील फार थोड्या परक्या माणसांवर येते, आणि म्हणूनच जे कोणी ती शिक्षकावाचून, घरच्या घरी, पुस्तकांच्या आधाराने शिकायला बसतात त्यांच्या मनात बहुधा भाषेच्या पलीकडचे काहीतरी असते. कोणाला जुने दप्तर वाचायचे असते, कोणाला शरीररचनेचा एखादा ग्रंथ उलगडायचा असतो, तर कोणाला आइंडहोवनसारख्या शहरात नोकरी लागल्यानंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांशी त्यांच्या भाषेत चार शब्द बोलायचे असतात. नेदरलँड्स, बेल्जियमचा उत्तर भाग म्हणजे फ्लँडर्स, दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम आणि कॅरिबियन समुद्रातील काही बेटे एवढ्या प्रदेशात मिळून सुमारे अडीच कोटी लोक ही भाषा बोलतात, म्हणजे मराठी बोलणाऱ्यांची संख्या त्यांच्या तिपटीहून अधिक भरते. कुळाने ती जर्मानिक आहे आणि इंग्रजी व जर्मन या दोन बलाढ्य बहिणींच्या शेजारात वाढलेली आहे. ती शिकणाऱ्या एकट्या माणसाचे अध्ययन, ज्याला स्वयंअध्ययन म्हणतात, म्हणजे क्रम, वेग आणि ध्येय या तिन्ही गोष्टी शिकणाऱ्यानेच ठरवायच्या असे अध्ययन, हा या निबंधाचा विषय आहे. अशा अध्ययनात स्वतःच्या अज्ञानाशी शिस्तीने वागता येणे ही पहिली गरज असते, आणि डचच्या बाबतीत ही शिस्त कशी घडली याची एक नोंद इतक्या तपशिलाने शिल्लक राहिली आहे की तिच्याकडे वळल्यावाचून या विषयावर काही सांगणे अपुरे ठरेल. मात्र त्याआधी भाषेची थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे.

मराठीभाषक नवशिक्या डच शिकतो ते बहुधा इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांवरून, आणि त्यामुळे एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण होते. ही पुस्तके जेथे जेथे सावधगिरीचा इशारा देतात तेथे मराठी माणसाला घाबरण्याचे फारसे कारण नसते, आणि जे सोपे समजून ती पुढे जातात तेथे तो अडखळतो. वाक्यातील क्रियापदाची जागा हे याचे ठळक उदाहरण आहे. डचमधील गौण वाक्यात, म्हणजे 'कारण', 'की', 'जर' अशा शब्दांनी मुख्य वाक्याला जोडलेल्या वाक्यात, क्रियापद अगदी शेवटी जाते. 'ओमदात इक वान्दाख अन बुक लेस' या शब्दांचा एकेक करून अर्थ लावला तर 'कारण मी आज एक पुस्तक वाचतो' असे निर्दोष मराठी वाक्य, एकही शब्द न हलवता, हाती येते. 'त्याने पुस्तक वाचले आहे' या अर्थाच्या गौण वाक्यातही 'वाचले' आधी आणि 'आहे' नंतर हा क्रम चालतो. इंग्रजीभाषकाला जे वळण महिनोन्‌महिने घोटून बसवावे लागते ते मराठीभाषकाच्या कानात जन्मापासून असते. त्याची खरी कसोटी लागते ती मुख्य वाक्यात, कारण तेथे क्रियापदाने दुसऱ्या स्थानावर बसायचे असा नियम आहे, पहिल्या स्थानावर कर्ता असो, कर्म असो किंवा काळ दाखवणारा शब्द असो. 'आज' या शब्दाने वाक्य सुरू झाले तर ते 'आज वाचतो मी एक पुस्तक' असेच पुढे जायला हवे. हा क्रम मराठीत आग्रहाने बोलताना किंवा कवितेत येतो. डचमध्ये तो बाजारहाटाचा, रोजच्या बोलण्याचा क्रम आहे.

लिंगाचेही तसेच आहे. डचमध्ये व्यवहारात दोनच लिंगे उरली आहेत, एक सामान्य लिंग आणि दुसरे नपुंसकलिंग, आणि नामाआधी येणारे 'दे' किंवा 'हेत' हे निश्चयवाचक उपपद त्यांतील भेद दाखवते. घर, पुस्तक, मूल आणि पाणी हे चारही शब्द मराठीप्रमाणेच डचमध्येही नपुंसकलिंगी आहेत, आणि एवढ्यावरून हुरूप आलेला नवशिक्या पुढे जातो तेव्हा दार आणि झाड हे दोन शब्द 'हेत' सोडून 'दे' घेऊन उभे राहिलेले त्याला दिसतात. सारांश, लिंगांची याद्यांशी याद्या जुळवून काही साधत नाही. पण विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते ही जाणीव मात्र मराठीभाषकाला शिकवावी लागत नाही. 'एक मोठे घर' म्हणताना 'ख्रोत' आणि 'एक मोठे दार' म्हणताना 'ख्रोते' असा भेद त्याला चटकन पटतो. आणखी एक साम्य अधिक सुखावणारे आहे. डचमध्ये कोणत्याही नामाला लघुत्व दाखवणारा 'ये' हा प्रत्यय लागला की ते नाम नपुंसकलिंगी होते. मुलगी या अर्थाचा रोजचा शब्दसुद्धा असाच प्रत्ययान्त, आणि म्हणून नपुंसकलिंगी आहे. ज्याच्या भाषेत लेकरू, वासरू, कोकरू आणि पाखरू ही सारी लहानगी नपुंसकलिंगात नांदतात त्याला या नियमाचे नवल वाटू नये.

संख्यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. चोवीस म्हणताना आधी चार आणि मग वीस हा डच क्रम मराठीचाच आहे. घड्याळ मात्र फसवते, कारण साडेतीनला डच माणूस 'अर्धा चार' म्हणतो, म्हणजे चौथ्या तासातील अर्धा भाग झाला असे मोजतो, आणि नवशिक्या त्याचा अर्थ साडेचार लावून तासभर उशिरा पोहोचतो. गंमत अशी की हीच मोजणी मराठीच्या पोटातही आहे: 'अडीच' हा शब्द 'अर्धतृतीय' या संस्कृत शब्दापासून आला आहे, आणि त्याचा अर्थ तिसऱ्यातील अर्धा असाच होतो.

या सगळ्यांपेक्षा एकट्या अभ्यासकाची अधिक दमछाक करणारी गोष्ट म्हणजे विभाज्य क्रियापदे. डचमधील कितीतरी क्रियापदे दोन तुकड्यांची असतात. मूळ क्रिया दाखवणारा एक तुकडा आणि तिला दिशा किंवा छटा देणारा दुसरा. कोशात हे दोन्ही तुकडे जोडून छापलेले असतात, पण मुख्य वाक्यात वर्तमानकाळात ते वेगळे होतात, पहिला वाक्याच्या दुसऱ्या स्थानावर जातो आणि दुसरा पार शेवटी. 'मी सहा वाजता उठतो' हे वाक्य डचमध्ये 'इक स्ता ओम झेस उर ओप' असे होते; येथे 'स्ता' हा उभे राहण्याचा तुकडा आणि 'ओप' हा वर दाखवणारा तुकडा यांच्यामध्ये सगळी वेळ येऊन बसलेली आहे. वाक्य लांब असेल तर या दोन तुकड्यांमध्ये दीड-दोन ओळींचे अंतर पडते. शिक्षक जवळ असला तर तो बोट ठेवून दाखवतो की हा तुकडा त्या तुकड्याचा आहे. पुस्तक घेऊन एकटा बसलेला माणूस मात्र कोशात 'उभे राहणे' एवढाच अर्थ शोधून काढतो, वाक्याच्या टोकाशी उरलेल्या अव्ययाचे काय करायचे ते त्याला कळत नाही, आणि आपल्याला शब्द येत असूनही अर्थ का लागत नाही या विचाराने तो हताश होतो.

हीच हताशा अठराव्या शतकात एका अनुभवी जपानी दुभाष्याने बोलून दाखवली होती. १६४१ पासून जपानमध्ये युरोपीयांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना राहण्याची मुभा होती, आणि तीही नागासाकीच्या बंदरातील देजिमा नावाच्या एका पंख्याच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर. त्यांच्याशी बोलण्याचे काम काही घराण्यांकडे पिढीजात होते. डच वखारीचा प्रमुख दरवर्षी शोगुनच्या, म्हणजे प्रत्यक्ष सत्ता चालवणाऱ्या सरसेनापतीच्या, दर्शनासाठी एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला जात असे आणि त्याच्याबरोबर हे दुभाषीही असत. १७६६ मध्ये निशी झेनझाबुरो हा मुख्य दुभाषी असाच एदोला आला असताना सुगिता गेनपाकू आणि माएनो र्योताकू हे दोन वैद्य त्याच्याकडे गेले आणि आपल्याला ही भाषा शिकता येईल का असे त्यांनी विचारले. झेनझाबुरोने त्यांना परावृत्त केले. त्याने सांगितले की पिण्याची क्रिया पेला तोंडाशी नेऊन दाखवता येते, पण पिण्याची आवड ही गोष्ट कोणत्या खुणेने विचारणार. आणि 'आन्त्रेक्केन' हा आवडण्याच्या, ओढ वाटण्याच्या अर्थाचा शब्द आपण दुभाष्याच्या घरात जन्मून आयुष्यभर वापरत असूनही त्याचा उलगडा पन्नाशीत, याच प्रवासात झाला. 'आन' म्हणजे कडे आणि 'त्रेक्केन' म्हणजे ओढणे, असे दोन तुकडे त्यात आहेत. ज्या भाषेने तिच्यावर पोट असलेल्या माणसाला इतकी वाट पाहायला लावली ती नागासाकीपासून दूर राहून कोणी शिकेल, असे त्याला वाटत नव्हते. सुगिताने हा सल्ला ऐकला आणि तो विषय सोडून दिला. माएनोने सोडला नाही. चाळिशी उलटून गेलेल्या त्या माणसाने आओकी कोन्यो या ज्येष्ठ विद्वानाकडून मिळतील तेवढे शब्द मिळवले, मग स्वतः नागासाकीला जाऊन आणखी काही शे शब्द आणि एक डच शरीररचनेचा ग्रंथ घेऊन तो परत आला.

तो ग्रंथ योहान आडाम कुल्मुस या जर्मन वैद्याने लिहिलेला होता आणि त्याचे डच भाषांतर १७३४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. सुगिताकडेही त्याच ग्रंथाची एक प्रत आली होती. ती विकत घेण्याची ऐपत नसल्याने त्याच्या सरदाराच्या खजिन्यातून पैसे मिळाले होते, आणि त्यातील एक अक्षरही वाचता येत नसताना केवळ चित्रांनी तो भारावला होता. १७७१ च्या वसंतात एदोच्या कोझुकाप्पारा येथील वधस्थळी मृत्युदंड दिलेल्या एका वृद्ध स्त्रीच्या शवाचे विच्छेदन होणार असल्याचे कळले तेव्हा दोघेही आपापली प्रत घेऊन गेले आणि तेथे त्यांना कळले की दोन्ही प्रती एकाच ग्रंथाच्या आहेत. विच्छेदन करणारा नव्वदीच्या घरातला म्हातारा समाजाने बहिष्कृत ठरवलेल्या जातीतला होता. एकेक अवयव उचलून दाखवत, ज्यांची नावे ठाऊक नाहीत तेही दाखवत, तो म्हणाला की आजवर आलेल्या वैद्यांपैकी कोणी यांविषयी विचारले नव्हते. ज्या हातांना शिवणे निषिद्ध मानले गेले होते त्याच हातांजवळ शरीराचे प्रत्यक्ष ज्ञान होते आणि ज्यांच्याजवळ ग्रंथ होते त्यांनी ते कधी मागितले नव्हते, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. फुप्फुसांचे आणि यकृताचे खंड, जठराचा आकार, हाडांची ठेवण, सगळे डच चित्रांशी जुळले आणि चिनी वैद्यकाच्या परंपरागत वर्णनांशी जुळले नाही. परतीच्या वाटेवर नाकागावा जुन्आन हा तिसरा वैद्यही त्यांच्याबरोबर होता, आणि हा ग्रंथ दुभाष्याच्या मदतीवाचून आपणच वाचायचा असे त्या वाटेवर ठरले. दुसऱ्याच दिवशी माएनोच्या घरी ते बसले. सुगिता तेव्हा अडतीस वर्षांचा होता आणि त्याला डच अक्षरेही येत नव्हती.

सुरुवात कोठून करायची याचा त्यांनी केलेला निर्णय आजही कोणत्याही नवशिक्याने लक्षात ठेवावा असा आहे. आतल्या अवयवांचे प्रकरण त्यांनी बाजूला ठेवले आणि शरीर पुढून व मागून जसे दिसते त्या आकृतीपासून आरंभ केला, कारण कपाळ, भुवई, नाक, खांदा ही सगळी अंगे त्यांना आधीच ठाऊक होती आणि फक्त त्यांची डच नावे नवीन होती. ज्ञात वस्तूला अज्ञात नाव जोडणे आणि अज्ञात वस्तू अज्ञात नावाने शिकणे यांतला फरक त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखला. तरीही भुवई म्हणजे डोळ्याच्या वर उगवलेले केस एवढ्या अर्थाचे एक वाक्य उलगडायला वसंतातला एक लांबच लांब दिवस पुरला नाही, असे सुगिताने पुढे लिहिले. नामे चित्रांवरून कळत. 'हा', 'जो', 'आणि', 'तसेच' हे बारीकसारीक शब्द मात्र कोणत्याही चित्रात नसतात, आणि वाक्य त्यांच्यावरच तोललेले असते. ज्या शब्दाचा अर्थ लागत नसे त्यावर ते वर्तुळात फुलीची खूण करत आणि पुढे जात. महिन्यातून सहा-सात वेळा ते जमत, प्रत्येकजण आपला तर्क मांडे, संध्याकाळपर्यंत जे ठरे ते सुगिता रात्री घरी जाऊन लिहून काढी. आणि वर्षभरानंतर दिवसाला दहा-बारा ओळी वाचण्यापर्यंत त्यांची मजल गेली.

सुगिताच्या या आठवणी त्याने वयाच्या ऐंशीनंतर, १८१५ मध्ये, 'रांगाकू कोतोहाजिमे' या नावाने लिहिल्या. 'रान' हा हॉलंडच्या जपानी नावातला तुकडा आणि 'गाकू' म्हणजे विद्या. रांगाकू म्हणजे डच विद्या, आणि हे तिच्या आरंभाचे आख्यान आहे. त्यातला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग नाकाच्या वर्णनातील एका शब्दाचा आहे. माएनोने नागासाकीहून आणलेल्या छोट्या शब्दसंग्रहात त्या शब्दाखाली दोन उदाहरणे दिली होती, झाडाची फांदी तोडली की त्या जागी तसे होते आणि अंगण झाडून केर गोळा केला की तसे होते. त्यांवरून बऱ्याच वेळाने सुगिताला सुचले की फांदीची जखम भरून येते तेव्हा तेथे उंचवटा येतो, केराचाही ढीग होतो, आणि नाक तर चेहऱ्यावरचा उंचवटाच आहे. नंतरच्या अभ्यासकांनी मूळ डच ग्रंथ तपासला तेव्हा नाकाच्या प्रकरणात नेमका तो शब्द सापडला नाही. चाळीस वर्षांनी आठवणी लिहिताना वृद्ध सुगिताकडून तपशिलाची सरमिसळ झाली असावी. पण तर्काची जी रीत त्याने वर्णिली आहे ती खरी असल्याचे कोशावाचून परकी भाषा वाचलेला कोणीही ओळखेल: एका शब्दाच्या दोन वापरांमध्ये समान काय आहे ते शोधायचे आणि तिसऱ्या ठिकाणी ते ताडून पाहायचे.

तर्काला यश येत गेले याचे एक कारण डच भाषेच्या घडणीतही आहे. शास्त्रीय परिभाषा ग्रीक व लॅटिनमधून उसनी न घेता घरच्या शब्दांतून घडवायची, असा प्रयत्न डचमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून जाणीवपूर्वक झाला. ब्रुगे येथे जन्मलेला गणिती सायमन स्टेव्हिन (१५४८–१६२०) याचा या कामातील वाटा मोठा आहे. गणितासाठी आजही रूढ असलेला 'विसकुंदे', म्हणजे निश्चित ज्ञानाचे शास्त्र, हा शब्द त्याने प्रचारात आणला, आणि १५८६ मध्ये आपल्या स्थितिशास्त्रावरील ग्रंथाला या भाषेच्या थोरवीवरचा एक स्वतंत्र लेख जोडला. १६०० मध्ये लायडनला अभियंत्यांसाठी सुरू झालेले शिक्षण लॅटिनऐवजी डचमधून दिले गेले, तेही त्याच्याच आराखड्याप्रमाणे. परिणाम असा की डच वैद्यकात रोहिणीला 'ठोके देणारी नलिका' म्हणतात, कूर्चेला 'करकरणारे हाड' म्हणतात, आणि शरीररचनाशास्त्राला 'अवयव सुटे करण्याचे शास्त्र'. दोन साधे शब्द येत असतील तर तिसऱ्या अवघड शब्दाचा अंदाज बांधता येतो. लॅटिन ग्रंथ समोर असता तर एदोच्या वैद्यांना ही संधी मिळाली नसती.

त्यांनी ती पुरेपूर वापरली. १७७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'काइताई शिन्शो' या त्यांच्या भाषांतराच्या आरंभी भाषांतराच्या तीन रीती सांगितल्या आहेत. ज्या वस्तूला आधीच नाव आहे, उदाहरणार्थ हाड, तिला तेच नाव द्यायचे. जिला नाव नाही पण जिचा अर्थ कळतो, उदाहरणार्थ कूर्चा, तिच्यासाठी अर्थावरून नवा शब्द घडवायचा, आणि म्हणून तिला 'मऊ हाड' म्हटले गेले. आणि ज्याचा अर्थच लावता येत नाही, उदाहरणार्थ ग्रंथी, तेथे डच शब्दाचा उच्चार तसाच लिहून ठेवायचा. मज्जातंतूसाठी त्यांनी घडवलेला 'शिन्केई' हा शब्द आजही जपानमध्ये वापरात आहे. पुढे १८३७ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या रसायनशास्त्राच्या ग्रंथात उदागावा योआन याने प्राणवायू, हायड्रोजन आणि कार्बन यांची नावे डच शब्दांचे घटक सुटे करून अशाच रीतीने बनवली. तिसरी रीत मात्र सर्वांत अधिक आदरास पात्र वाटते, कारण न कळलेल्या शब्दाला खोटा अर्थ चिकटवण्याचा मोह तीत टाळलेला आहे, आणि हा मोह एकट्याने शिकणाऱ्याला, ज्याची चूक दाखवणारे कोणी जवळ नसते, फार वेळा होतो.

या ग्रंथावर माएनो र्योताकूचे नाव नाही. मंडळीत सर्वांत अधिक डच त्यालाच येत होते आणि भाषांतराचा कणा तोच होता, परंतु भाषांतर अजून सदोष आहे आणि ते प्रसिद्ध करण्याच्या योग्यतेचे झालेले नाही असे त्याचे मत होते असे मानले जाते. सुगिताचा स्वभाव उलट होता. त्याची प्रकृती नाजूक होती, आपण काम पूर्ण होण्याआधी मरू अशी भीती तो बोलून दाखवत असे, आणि त्यावरून सोबती त्याची थट्टाही करत. अकरा वेळा मसुदा बदलूनही राहिलेल्या चुका पुढच्यांनी सुधाराव्यात, पण वैद्यांच्या हाती ग्रंथ पडावा, हा त्याचा आग्रह होता. माएनोने उरलेले आयुष्य डच भाषेतच घालवले, पुष्कळ लिहिले आणि फारच थोडे छापू दिले. स्वयंअध्ययन करणाऱ्या प्रत्येकात हे दोघे कमीअधिक प्रमाणात असतात, आणि नवशिक्याच्या पहिल्या वर्षात सुगिताचे ऐकणे श्रेयस्कर आहे असे म्हणावेसे वाटते, कारण माएनोची कठोरता पेलायला आधी बरेच वाचून झालेले असावे लागते. ज्या झेनझाबुरोने दोघांना परावृत्त केले तो जे बोलला ते चूक नव्हते; भाषा बोलायला शिकण्याविषयी तो बोलत होता, आणि त्यांनी फक्त वाचायला शिकायचे ठरवले.

त्यानंतरची वाट भराभर रुंदावली. ओत्सुकी गेन्ताकू या शिष्याने, ज्याचे नावच दोन्ही गुरूंच्या नावांतील तुकड्यांचे आहे, १७८८ मध्ये नवशिक्यांसाठी डचचे पाठ्यपुस्तक छापले. फ्रान्स्वा हाल्मा याच्या डच-फ्रेंच कोशावरून १७९६ मध्ये पहिला डच-जपानी कोश तयार झाला. ओसाकाला ओगाता कोआन या वैद्याच्या शाळेत १८५० च्या दशकात विद्यार्थी एकाच मोठ्या हस्तलिखित कोशाभोवती रात्र रात्र बसत, कारण तेथील वाचनाच्या परीक्षेत नेमून दिलेल्या उताऱ्याचा अर्थ कोणालाही न विचारता स्वतः लावावा लागे. त्यांतला एक विद्यार्थी फुकुझावा युकिची १८५९ मध्ये नव्याने खुल्या झालेल्या योकोहामाला गेला तेव्हा दुकानांवरच्या पाट्या त्याला वाचता येईनात, त्या बहुतांशी इंग्रजीत होत्या. त्याने लगेच इंग्रजी हाती घेतली आणि थोड्याच दिवसांत त्याला दिसून आले की डचवर घेतलेले कष्ट वाया गेलेले नाहीत. सुगिताच्या आठवणी १८६९ मध्ये छापून आणल्या त्याही फुकुझावानेच.

मराठीचाही अशा एका एकांड्या अभ्यासकाशी जवळचा संबंध आहे. विल्यम केरी (१७६१–१८३४) हा इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनशायर परगण्यात चांभारकी करत असताना आणि पुढे खेड्यात मुलांना शिकवत असताना स्वतःच्या बळावर भाषा शिकत गेला, आणि लॅटिन, ग्रीक व हिब्रू यांच्या जोडीला त्याने डचही पुस्तकावरून आत्मसात केली. पुढे बंगालमधील श्रीरामपूरला त्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी लिपीत मराठी शब्दांचा कोश छापला. तेथे मात्र त्याच्याजवळ वैजनाथ पंडित होते, आणि त्यांच्यावाचून ते काम झाले नसते.

आजच्या अभ्यासकाची अडचण एदोच्या वैद्यांहून अगदी उलट आहे. कोश, ध्वनिफिती, मुलांसाठी सोप्या भाषेत दिल्या जाणाऱ्या दूरचित्रवाणीवरील रोजच्या बातम्या, व्हिन्सेंट व्हान गॉगची तारुण्यातील डच पत्रे, अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी, सगळे घरबसल्या मिळते. आणि नेदरलँड्समध्येच राहत असलेल्या नवशिक्याला मात्र बोलायची संधी मिळत नाही, कारण त्याच्या पहिल्याच अडखळत्या वाक्यावर समोरचा दुकानदार सौजन्याने इंग्रजीकडे वळतो. या सौजन्याचा राग मानण्यात अर्थ नाही. आपण शिकतो आहोत हे सांगून डचमधूनच बोलण्याची विनंती करावी लागते, आणि ती करायला थोडा धीटपणा लागतो. उच्चार हा पुस्तकाने न सुटणारा भाग आहे. 'ग' असे लिहिलेले अक्षर घशातून, उर्दूतील 'ख़' सारखे घासून उच्चारले जाते हे एकदा ऐकले की जमते. पण 'घर' या अर्थाच्या शब्दातील संयुक्त स्वर, जो 'आउ' आणि 'ओइ' यांच्या दरम्यान कोठेतरी ओठ गोल ठेवून काढायचा असतो, तो मराठीच्या स्वरमालेत नाही, आणि तो पुन्हा पुन्हा ऐकून, म्हणून आणि पुन्हा ऐकूनच साधतो.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी मात्र डच शिकण्याचे जे सबळ कारण आहे ते कोकणकिनाऱ्यावर आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ मध्ये आदिलशाही मुलखातील वेंगुर्ल्याला वखार उघडली, गोव्याच्या पोर्तुगीजांची समुद्रमार्गे कोंडी करताना तिचा आधार घेतला, आणि तेथून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, जी पत्रे जात त्यांत मसाले व कापडाच्या भावांबरोबर विजापूरच्या दरबाराच्या आणि शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्याही असत. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी १९३० च्या दशकात शिवचरित्रावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात डच दप्तरातील साहित्य अभ्यासकांपुढे ठेवले. बटाव्हियाच्या किल्ल्यात ठेवलेल्या रोजनिशीचे खंडही छापून झालेले आहेत. पण हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात या कंपनीचे जे दप्तर आहे, ज्याची युनेस्कोने २००३ मध्ये जागतिक स्मृतिठेवा म्हणून नोंद केली, ते लाखो पानांचे आहे, आणि त्यातील मराठ्यांसंबंधीचा मजकूर मराठी अभ्यासकाने थेट वाचायचा तर डच यायला हवी.

ती डच आजची नाही, हे खरे. हस्ताक्षर वळणदार आणि जोडून लिहिलेले आहे, जे मोडीचा सराव असलेल्याला फार काळ अडवणार नाही. शुद्धलेखन मात्र १८०४ पर्यंत अधिकृतपणे ठरलेलेच नव्हते, त्यामुळे 'आणि' या अर्थाचा शब्द जुन्या लांब रूपात येतो, 'वर्ष' या शब्दातील दीर्घ 'आ' दोन भिन्न अक्षरांनी लिहिला जातो, 'राजा' हा शब्द वेगळ्याच आद्याक्षराने सुरू होतो, आणि एकाच पानावर एकाच लेखकाने एक शब्द दोन तऱ्हांनी लिहिलेला असतो. अशा शब्दासाठी कोश उघडण्याआधी तो मोठ्याने वाचावा, कारण डोळ्याला अनोळखी वाटलेला शब्द पुष्कळदा कानाला ओळखीचा निघतो. आणि तरीही न उलगडल्यास 'वोर्देन्बुक देर नेदरलान्त्शे ताल' हा त्रेचाळीस खंडांचा महाकोश, ज्याचे प्रकाशन १८६४ मध्ये सुरू होऊन १९९८ मध्ये पुरे झाले, आता विनामूल्य उपलब्ध आहे आणि त्यात शब्दांची जुनी रूपे त्यांच्या उदाहरणांसह दिलेली आहेत.